बायो, छप्पर आहे तोवर बोल

बायो, काकी काय बोलली, बापूस रात्री कसा येतो, दादाच्या लग्नानंतर घरात काय काय बदललं, हे सगळं मी ऐकणार आहे. घाई नाही. पण आधी तीन गोष्टी सांग. आज रात्री कुठे झोपणार? पुढच्या शनिवारी कुठे असशील? आणि पाऊस लागला की? तिन्हीला उत्तर एकच असेल तर तुमच्या घरात भांडण आहे, ते आज ना उद्या मिटेल. पण तीन उत्तरं तीन ठिकाणांची असतील, किंवा तिसऱ्याला तू नुसतीच खाली बघितलंस, तर मग तुझं घर सुटत चाललंय. तसं तोंडाने म्हण. इथे आपण दोघीच आहोत.

आपल्या मालवणात बेघर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एसटी स्टँडच्या बाकावर मुटकुळं करून पडलेला म्हातारा येतो. वेणी घालून, दप्तर घेऊन कॉलेजला निघालेली मुलगी येत नाही. मुंबईत पोर घराबाहेर पडलं की फलाटावर दिसतं. आपल्याकडे ते कोणाच्या तरी पडवीत असतं, आणि पडवीत झोपलेल्याला कोणी बेघर म्हणत नाही. आठ दिवस मावशीकडे, परीक्षेपुरतं मैत्रिणीकडे, मे महिन्यात आजोळी, गणपतीत जिकडे राबायला हात कमी तिकडे. मुलगे कलमांच्या बागेतल्या मांगरात, नाहीतर होडीवर. शेजारीण विचारते, "खंय रवतंस गो हल्ली?" आपण म्हणतो, "हयच, मावशीकडे." मावशीही सांगते, "ता आमच्याकडेच रवता." ती खोटं बोलत नाही, माणूस चांगलंच आहे. पण पाहुणी आणि राहणारी यांतला फरक तुला आतून ठाऊक आहे. राहणारीचे कपडे कपाटात असतात, पाहुणीचे पिशवीत. पाहुणी दुसऱ्यांदा भात घेताना आधी टोपात बघते.

कारण मी खोदून विचारणार नाही. आई गेल्यावर घर परकं होतं. बापाने दुसरं लग्न केलं, चुलत्यांनी वाटणी काढली, कोणावर जीव बसला आणि ते घरात कळलं, लग्न ठरवलंय आणि तुला करायचं नाही. किंवा घरातल्याच कोणाचा तरी हात नको तिथे पोचतो, आणि ते तू अजून कोणालाही सांगितलेलं नाहीस. १६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा किनाऱ्यावर किती घरांची कौलं आणि पत्रे गेले ते तू पाहिलंयस. त्या वेळी शेजारी ताडपत्री घेऊन धावले, तलाठी पंचनामा करून गेला. माणसाला घरातून हळूहळू बाहेर ढकललं जातं तेव्हा पंचनाम्याला कोणी येत नाही. तिथे तुलाच बोलावं लागतं, आणि ते छप्पर डोक्यावर आहे तोवर बोलावं लागतं. आपण नेमकं उलटं करतो. सहन करत राहतो, झाकून ठेवतो, आणि एका रात्री पिशवी उचलून निघतो. तोवर कागद घरात राहिलेले असतात, फोनची बॅटरी संपलेली असते, आणि मदत करणारी कचेरी सोमवारशिवाय उघडणार नसते.

तुला अठरा पूर्ण व्हायला अजून काही महिने आहेत ना? मग ते वाया घालवू नकोस. कायद्याच्या लेखी तू अजून मूल आहेस, आणि आपल्या कायद्यात मुलाला जेवढं संरक्षण आहे तेवढं अठरा वर्षं एक दिवसाच्या माणसाला नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल' कोणाला म्हणायचं ते लिहिलंय. ज्याला राहायला घर किंवा कायमचं ठिकाण नाही ते त्यात येतं, ज्याचं वय होण्याआधी लग्न लावलं जाण्याचा धोका आहे तेही येतं. अशा मुलांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात बाल कल्याण समिती असते. एक अध्यक्ष, चार सदस्य. मूल सापडलं की प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत त्याला समितीपुढे न्यावं लागतं. पोलीस नेऊ शकतात, शिक्षक नेऊ शकतात, शेजारीण नेऊ शकते. आणि हे फार कमी जणांना माहीत आहे, मूल स्वतःच्या पायाने समितीपुढे जाऊ शकतं. कोणाची चिठ्ठी लागत नाही.

जायची हिंमत होत नसेल तर १०९८ लाव. पैसे पडत नाहीत, मध्यरात्रीही लागतो. १९९६ मध्ये मुंबईत जेरू बिलिमोरिया यांनी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून ही हेल्पलाइन सुरू केली, ती रस्त्यावरच्या मुलांसाठीच. आता ती सरकार चालवतं आणि ११२ ला जोडलेली आहे. फोनवर रडू आलं तरी चालेल, ठेवून दिलास आणि पुन्हा केलास तरी चालेल.

समिती म्हटलं की तुला वाटेल, आता मला उचलून बालगृहात टाकणार. टाकतातही कधी कधी. बालगृह म्हणजे घर नव्हे हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण बालगृह हा एकच रस्ता नसतो. समजा मावशी तुला ठेवायला तयार आहे, पण तिचीच दोन मुलं शिकतायत आणि काका वाळूच्या गाडीवर ड्रायव्हर. तिच्या मनात जागा आहे, डब्यात तांदूळ नाहीत. अशा वेळी राज्याची बालसंगोपन योजना आहे, तिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलंय. अनाथ, एकच पालक असलेल्या, घरात संकट असलेल्या मुलाला नातेवाइकाकडे किंवा स्वतःच्या घरीच वाढवता यावं म्हणून त्यात महिन्याला २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे महिना ४,००० रुपये आहेत. निकष वेगवेगळे, आणि पैसे कधी कधी उशिरा येतात हेही खरं. पण भाचीच्या नावाने दर महिन्याला काहीतरी येतंय म्हटल्यावर मावशीच्या नवऱ्याचा सूर बदलतो, हे मी पाहिलंय. माणसं वाईट नसतात गो, महिनाअखेर वाईट असते.

मात्र हे सगळं अठराच्या आत. त्यानंतर काय होतं ते समजायला अमृता करवंदेची गोष्ट ऐक. ती आपल्याच शेजारी, गोव्यातल्या अनाथालयात वाढली. अठरा पूर्ण झाल्यावर तिला तिथून निघावं लागलं. ती पुण्याला गेली आणि पहिली रात्र तिने पुणे स्टेशनवर काढली. पुढे मिळेल ते काम करत शिकली, एमपीएससीची परीक्षा दिली, आणि अडली कुठे, तर नॉन-क्रीमीलेयरच्या दाखल्याशी. तो दाखला आईबापांच्या उत्पन्नावर मिळतो. ज्याला आईबापच नाहीत त्याने उत्पन्न कोणाचं दाखवायचं? हा प्रश्न घेऊन ती थेट मुख्यमंत्र्यांपर्यंत गेली, आणि जानेवारी २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अनाथ मुलांना शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का आरक्षण द्यायचं ठरवलं. सगळे तिच्या जिद्दीचं कौतुक करतात, करायलाच हवं. मला मात्र त्या स्टेशनवरच्या रात्रीचा राग येतो. काल सकाळपर्यंत सरकारची जबाबदारी असलेली मुलगी आज बाकावर, कारण तिचा वाढदिवस झाला! आपल्या घरातला मुलगा अठराचा झाला म्हणून कोणी त्याचं अंथरूण बाहेर टाकतं का?

कायद्यात यावर तोड आहे, ती मागावी लागते. बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलाला एकवीस वर्षांपर्यंत, आणि खास परिस्थितीत आणखी दोन वर्षं, अनुरक्षणाची मदत मिळू शकते. राहायला अनुरक्षण गृह किंवा महिन्याचे पैसे, शिक्षण किंवा कामाचं प्रशिक्षण. तुझ्या वर्गात एखादा मुलगा किंवा मुलगी संस्थेत राहून शिकत असेल तर त्याला हे आत्ताच सांग. सतराव्या वर्षी विचारायचं, "माझा पुढचा आराखडा कुठे आहे?" तो बनवणं संस्थेचं काम आहे, उपकार नव्हे. अनाथ प्रमाणपत्रही संस्थेत असतानाच मागून घ्यायचं, बाहेर पडल्यावर त्यासाठी फेऱ्या घालणं फार जड जातं.

आता मुलींचं. अठरा झाल्यावरही तुझ्यासाठी काही दारं उघडी असतात. १८१ ही महिलांची हेल्पलाइन. सखी वन स्टॉप सेंटर नावाची केंद्रं जिल्ह्यांत आहेत. मार बसत असेल, धमक्या असतील, तर तिथे पाच दिवसांपर्यंत राहता येतं, डॉक्टर, वकील, पोलीस यांची गाठ तिथेच घालून देतात. पाच दिवसांत आयुष्य मार्गी लागत नाही, पण श्वास घेता येतो, आणि तिथून पुढे शक्ती सदन या निवाऱ्यात जायची सोय होऊ शकते. नोकरी करणाऱ्या मुलींची सरकारी वसतिगृहं आता सखी निवास म्हणून ओळखली जातात.

आणि मुलगे? त्यांच्याबद्दल बोलताना माझी जीभ अडखळते. अठरा ओलांडलेल्या मुलग्याला आपल्याकडे जवळजवळ काहीच नाही. शहरात बेघरांसाठी रात्रनिवारे असतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोठ्या शहरांत लाखभर लोकवस्तीमागे एक निवारा हवा असं बजावलं होतं. पण ती शहरांची गोष्ट. गावातल्या पोराला लोक म्हणतात, "झील हा तो, खंय पण पडात." तो कुठेही पडतो, हेच तर दुखणं आहे. पणदूरला जीवन आनंद संस्थेचा संविता आश्रम आहे, रस्त्यावरच्या निराधार, आजारी, मनोरुग्ण माणसांना तिथे आसरा मिळतो. मोठं काम आहे. पण एकोणीस वर्षांच्या धडधाकट, शिकू पाहणाऱ्या पोरासाठी तसं काही आपल्या किनाऱ्यावर उभं राहायला हवं.

म्हणून त्याला रोजगारासोबत मिळणारी जागा फार गोड वाटते. तारकर्ली-देवबागला होमस्टे, स्कूबाच्या बोटी, हॉटेलं, पलीकडे गोव्यात रेस्टॉरंट आणि मोपाच्या विमानतळाभोवतीची कामं. राहणं-खाणं फुकट, पगार हातात. घ्यावं काम, मी नको म्हणत नाही. पण त्यातली मेख ओळख. काम गेलं त्याच संध्याकाळी छप्परही गेलं. आणि आपल्याकडे काम जाण्याची तारीख पंचांगासारखी ठरलेली असते. मे संपता संपता पाण्यावरचे खेळ बंद. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढल्या, खलाशी आपापल्या गावी. ज्याला गाव नाही तो खलाशी पावसात जाणार कुठे? ऐन मुसळधार पावसात पोरं रस्त्यावर येतात, आणि मालकही वाईट नसतो, त्याचंही हॉटेल बंद असतं. तेव्हा असं काम धरताना पहिल्याच दिवशी विचारायचं, "पावसाळ्यात काय?" संकोच वाटला तरी विचारायचं. आणि फेब्रुवारीपासूनच पावसाळ्याची व्यवस्था बघायची. कुडाळात, सावंतवाडीत कुठे खोली भागीत मिळते, आयटीआयला प्रवेश घेतला तर वसतिगृह मिळेल का, पावसाळ्यात चालणारं कुठलं काम आहे. पगारातले थोडे पैसे दर महिन्याला पोस्टात टाकायचे आणि ते फक्त भाड्याच्या अनामतीचे समजायचे.

तू मुलगी आहेस, म्हणून तुला एक गोष्ट कडक शब्दांत सांगते. राहण्याची सोय देणारा माणूस तुझ्या राहण्याचीच चौकशी आधी का करतोय ते बघ. "घरचे त्रास देतात ना? ये इकडे, काम आहे, खोली आहे," असं फोनवर ओळख झालेला कोणी म्हणाला तर हॉटेलचं नाव, पत्ता, मालकाचा नंबर माग. खरं काम देणारा देतो. दुसरा चिडतो. त्याचं चिडणं हेच तुझं उत्तर. आपल्या पोरींना गोव्याची हूल दाखवणारे काही आजचे नाहीत. वास्कोला 'अर्ज' ही संस्था १९९७ पासून अशा मुलींना बाहेर काढण्याचं काम करते आहे, त्यावरून समज.

मुंबईला जायचं डोक्यात आहे, हो ना? मला वाटलंच. मालवणी माणसाला घर सुटलं की दादर आठवतं. पूर्वी त्याला अर्थ होता. गिरणगावात गावागावाच्या खोल्या असायच्या. गावच्या मंडळाने भाड्याने घेतलेली एक खोली, भिंतीला ट्रंका लावलेल्या, दिवसपाळीचे रात्री झोपायचे आणि रातपाळीचे दिवसा. नवा पोरगा बोटीतून उतरला की त्याला विचारायचे, "कोणाचो रे तू?" आजाचं नाव सांगितलं की वळकटी टाकायला कोपरा मिळायचा. खानावळीत उधारीवर जेवण, आणि चार-सहा महिन्यांत गिरणीत बदलीचं काम. गोव्याच्या ख्रिस्ती मंडळींच्या धोबीतलावला अशाच 'कूड' होत्या. या खोल्यांना कोणी समाजकार्य म्हटलं नाही, पण किती पोरं त्यांनी फुटपाथपासून वाचवली त्याची मोजदाद नाही. दोन गोष्टी मात्र ध्यानात घे. एक, त्या खोल्यांत पोरींना जागा नव्हती, बायकांच्या वाट्याला खानावळीची चूल आली. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच खानावळवाल्या बायकांसाठी. दुसरी, १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर तो सगळा आधारच विस्कटला. आज दादरला उतरून आजाचं नाव सांगशील तर हमालही थांबणार नाही.

तेव्हा पत्ता हातात असल्याशिवाय गाडीत बसायचं नाही. आणि बसलीसच, तर उतरल्यावर फलाटावर रेंगाळू नकोस. वर्दीतल्या रेल्वे सुरक्षा दलाच्या माणसाकडे जा, १३९ लाव. एकट्या मुलांना शोधून सुरक्षित पोचवण्याची त्यांची 'नन्हे फरिश्ते' म्हणून मोहीमच आहे. समतोल फाउंडेशनचे कार्यकर्ते मुंबई-ठाण्याच्या फलाटांवर घर सोडून आलेली पोरं शोधतात, त्यांच्याशी आणि घरच्यांशी बोलतात, घर सुरक्षित असेल तरच परतवतात. फलाटावर तुझ्याकडे सगळ्यात आधी येणारा माणूस मात्र बहुधा यांपैकी नसतो.

आता ज्यावर तू सगळ्यात कमी विश्वास ठेवशील ते. तुझं घर तुझंही आहे. "खाऊन-पिऊन वर तोंड करता" असं काकी म्हणते तेव्हा तुला वाटतं, आपण आश्रित. थांब. घर आजोबांचं, वडिलोपार्जित असेल तर त्यात जन्मापासून तुझा हिस्सा आहे, दादाइतकाच. हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून हे देशभर झालं, महाराष्ट्राने तर १९९४ मध्येच केलं होतं. २००५ च्या त्या तारखेला बाप हयात होता की नव्हता याने फरक पडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सांगून टाकलं. घर वडिलांनी स्वतः कमवून बांधलं असेल तर त्यांच्या हयातीत ते त्यांचं. पण मृत्युपत्र न करता गेले तर आई, मुलगे, मुली सगळ्यांना सारखा वाटा. मुसलमान आणि ख्रिस्ती घरांचे नियम वेगळे, पण मुलगी त्यातही वारस आहेच.

आपल्याकडे सातबारावर मेलेल्यांची नावं जास्त आणि जिवंतांची कमी, हे तुला माहीत आहे. पणजोबाच्या नावाखाली तीस-चाळीस हिस्सेदार, अर्धे बोरिवलीत. या गोंधळात मुलीचं नाव गुपचूप गळतं. अठरा झाल्यावर कोणीतरी गोड बोलून सही मागायला येईल, "नुसती फॉर्मॅलिटी हा गो." त्या कागदावर हक्कसोड असं लिहिलेलं आहे का ते वाच. न वाचता, न समजता, जेवणाच्या ताटावरून उठून सही करायची नाही. कोणी रागावलं तर रागावू दे.

पण सातबारा पांघरून आज रात्री झोप येत नाही, हे मलाही कळतं. आजच्यासाठी दुसरा कायदा आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा नवऱ्याने मारलेल्या बायकोपुरता आहे असं सगळ्यांना वाटतं. तसं नाही. एकाच घरात राहणारी मुलगी, बहीण, आईसुद्धा त्यात येते. त्या घरावर तिचा मालकी हक्क असो वा नसो, तिला राहण्याचा हक्क आहे, आणि कायद्याची रीत सोडून तिला बाहेर काढता येत नाही. संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज द्यायचा, तो न्यायालयात जातो. वकिलाला पैसे नाहीत? महिलांना आणि मुलांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत. फोन १५१००. शिवाय लग्न न झालेल्या, स्वतःचं पोट भरू न शकणाऱ्या मुलीला पोसणं ही बापाची कायदेशीर जबाबदारी आहे, ती अठराव्या वाढदिवसाला संपत नाही. कोर्टात जा असं मी म्हणत नाही. बापावर अर्ज करणं जिवावर येतं. पण "निघ घराबाहेर" हे वाक्य ऐकताना आपल्या पायाखाली काय आहे ते ठाऊक असलं की माणूस वेगळ्या आवाजात उत्तर देतं.

कागदांचं एक राहिलं. आधार, दहावीचं गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, रेशनकार्डाची प्रत, बँकेचं पासबुक. मूळ कागद जमत असतील तर तुझ्याकडे, नाहीतर निदान झेरॉक्स एखाद्या बाईंकडे ठेव. फोटो काढून ठेव, डिजिलॉकर उघड. आणि बघ, तुझ्या आधारला फोन नंबर कोणाचा आहे? बापाचा असेल तर प्रत्येक ओटीपी त्याच्या खिशात वाजणार. आधार केंद्रात जाऊन आधी तो बदल. शिष्यवृत्ती कोणाच्या खात्यात जाते तेही बघ. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःचं खातं चालवता येतं, तू तर सतराची आहेस. पत्त्याची भीती बाळगू नकोस. ज्याला घरच नाही त्यालाही या देशात मतदार होता येतं, तो सांगेल त्या ठिकाणी तो खरंच झोपतो का ते बघायला निवडणुकीचा माणूस रात्री येतो. मला हा नियम फार आवडतो.

तुझ्याबरोबर तो एक मुलगा असायचा ना, ज्याला पोरं चालण्यावरून चिडवतात? त्याला, किंवा तिला, जे काय म्हणवून घ्यायला आवडेल तसं, एवढं सांग की २०१९ च्या कायद्याने तृतीयपंथी व्यक्तीला त्या कारणासाठी आईबापांच्या घरातून वेगळं करता येत नाही. घर अगदीच जगू देत नसेल तर मुंबईत गरिमा गृह आहे, तिथे राहून काम शिकता येतं. पण एकट्याने जाऊ नये, आधी फोन करून जावं.

रात्री झोप येत नसेल, नको ते विचार येत असतील, तर १४४१६. टेलीमानस म्हणतात, मराठीत बोलतात. हा नंबर मी शेवटी सांगतेय म्हणून तो शेवटचा नाही. आज रात्री वाटलं तर आज रात्रीच लाव.

सांगायचं कोणाला? सगळ्यांना नको. गाव लहान आहे, गजाली तुझ्याआधी घरी पोचतील. एकच मोठं माणूस निवड. ज्याच्याकडे आधीपासून कोणाचं तरी गुपित सुरक्षित आहे असं. कॉलेजातल्या बाई, अंगणवाडीताई, आशाताई. बोलताना "घरी जरा प्रॉब्लेम आहे" असं म्हणू नकोस, त्यावर सगळे "होईल ठीक" म्हणतात. सरळ म्हण, "मला पुढच्या महिन्यापासून राहायला जागा नाही." या वाक्यावर कोणालाही काहीतरी करावंच लागतं.

माझ्याकडे दोन-चार रात्री राहा, हक्काने राहा. पण मी तुझं कायमचं उत्तर नाही, आणि तसं खोटं आश्वासन मी देणार नाही. सोमवारी आपण दोघी जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला जाऊ. सकाळची कसालवरून जाणारी एसटी धरू, म्हणजे कचेरी उघडायच्या वेळेला पोचू. जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी आणि बाल कल्याण समिती कुठे बसते ते तिथे गेल्यावर पहिल्यांदा विचारू, जिल्हा न्यायालयही ओरोसलाच आहे, तिथे विधी सेवावाल्यांना भेटू. अर्ज मी लिहून देणार नाही, तू लिहायचा, मी फक्त शुद्धलेखन बघेन. मावशीला फोन करून विचार, ती येईल का. आली तर बरं, बालसंगोपनाचा फॉर्म तिच्या समोरच भरता येईल. भाकरी-भाजी बांधून नेऊ, कारण दुपारी साहेब जेवायला गेले की किती वाजता येतील ते कोणी सांगत नाही. आणि प्रत्येक कागदाची एक झेरॉक्स जास्तीची काढ, आणि अर्ज दिल्यावर आपल्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का आणि तारीख मागून घे. ते नाही दिलं तर आपण तिथून हलायचं नाही.